गच्चीवरच्या खोलीतील सरावाचे ध्वनिमुद्रण: प्रकल्प नोंदी (जून ते सप्टेंबर 2024)

2 जून 2024, रविवार

आमच्या हौशी वाद्यवृंदाचा सराव दर रविवारी सकाळी 9 ते 11.30 या वेळेत, कोथरूडमध्ये आमच्या बासवाल्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत होतो. आम्ही सहा जण आहोत: गायिका, ढोलकी-तबला, गिटार, बास गिटार, कीबोर्ड आणि पेटी. पेटी मी वाजवतो, आणि या नोंदी ठेवण्याचे कामही माझ्याकडेच आले आहे. यंदा 7 सप्टेंबरला गणपती बसतात आणि 14 सप्टेंबरला सोसायटीच्या गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला आहे. म्हणजे हाताशी तीन महिने आहेत.

गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे कोणीतरी मोबाइलवर केलेले मुद्रण आम्ही एकत्र बसून ऐकले, तेव्हा गाणे ज्या लयीत सुरू झाले त्याच्यापेक्षा बरेच जलद संपले होते, गायिकेचे शब्द अंतऱ्यात बुडाले होते, आणि त्याचे कारण विचारल्यावर प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट दाखवले. त्यातून असे ठरले की प्रत्येक सराव मुद्रित करायचा, आठवड्यात प्रत्येकाने तो घरी ऐकायचा आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्यात सापडलेल्या दोषांपासून करायची.

मोबाइल मुद्दाम वापरायचा नाही असेही ठरवले, कारण बहुतेक मोबाइल हळू आवाज आपोआप वर उचलतात आणि मोठा आवाज दाबतात, आणि त्यामुळे कोण जोरात वाजवत होते आणि कोण दबून, हेच नेमके त्यात कळत नाही. दोन माइक असलेला हातात मावणारा एक रेकॉर्डर विकत घेतला आहे. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या दर्जाने दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला साधारण 1 जीबी जागा घेते, त्यामुळे 32 जीबीच्या कार्डावर जवळजवळ तीस तास मावतात. जागेची काटकसर करण्याचे काही कारण नाही.

9 जून

पहिले मुद्रण वाया गेले. आवाजाची पातळी मी शांत आलापावर लावली आणि लावणीत ढोलकी सुरू होताच सगळे फाटले. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर काही नसते. तिथे लाट सपाट कापली जाते आणि नंतर कोणत्याही उपायाने ती परत येत नाही. यापुढे सर्वांनी मिळून सर्वांत जोराची जागा आधी वाजवून दाखवायची आणि तिचे शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावून नंतर तिला हात लावायचा नाही. 24 बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे मुद्रण हळू झाले तरी बिघडत नाही. रेकॉर्डरमधील पातळी आपोआप सांभाळणारी सोयही बंद केली.

दुसरा अडथळा पंख्याचा होता. खाली उभे राहून गाणाऱ्याचा आवाज पंख्याच्या पात्यांनी चिरल्यासारखा, किंचित थरथरता येतो. गायिकेला तो स्वतःच्या आवाजाचा दोष वाटला आणि बिचारीने दोन दिवस काळजी केली. सरावात पंखा बंद ठेवायचा असे ठरले, पण ढोलकीवाल्या काकांच्या तळहाताला घाम येतो, म्हणून दर दोन गाण्यांनंतर पाच मिनिटे पंखा आणि टाल्कम पावडर ही सवलत देण्यात आली.

16 जून

आजचे मुद्रण स्वच्छ आहे. लयीची तपासणी हाती घेतली.

दुसरे गाणे केरव्यात, म्हणजे आठ मात्रांचे आवर्तन असलेल्या तालात, आहे. संगणकावर लाटेचे चित्र समोर ठेवून पहिल्या अंतऱ्यातील एका समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, मोजत आठ आवर्तनांचा, म्हणजे 64 मात्रांचा, वेळ काढला. तो 40 सेकंद भरला. म्हणजे मिनिटाला 96 मात्रा. तिसऱ्या अंतऱ्यातील तेवढीच आठ आवर्तने 35.6 सेकंदांत संपली होती, म्हणजे लय 108 वर गेली होती. इतक्या फरकाने गायिकेला शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि शब्द बुडण्याचे निम्मे कारण तिथेच आहे.

आकडा वाचून दाखवल्यावर सगळ्यांच्या नजरा ढोलकीकडे वळल्या, आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर माझीही वळली. काका शांतपणे म्हणाले, "मी ठेका धरतो, पळत नाही. कुठे पळाली ते शोधा, मग बोला." ते शोधण्याचे काम माझ्या अंगावर आले आहे.

23 जून

मुद्रण नाही. या रेकॉर्डरवर बटण पहिल्यांदा दाबले की यंत्र फक्त सज्ज होते आणि तांबडा दिवा लुकलुकत राहतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि मुद्रण सुरू होते. दीड तास तो लुकलुकता दिवा सहा जणांनी पाहिला आणि एकालाही शंका आली नाही.

30 जून

आज पालख्या पुण्यात येत आहेत, रस्ते बंद आहेत. सराव नाही.

7 जुलै

लय नेमकी कुठे पळते ते सापडले, आणि ते लिहिताना मला फारसा आनंद होत नाही.

सोळा जूनच्या मुद्रणातील त्याच गाण्याचे एकेक आवर्तन वेगळे मोजले. पहिला अंतरा चालू असताना आवर्तन पाच सेकंदांच्या आसपास स्थिर आहे. पहिला अंतरा संपल्यावर पेटीचा जो चार आवर्तनांचा तुकडा येतो, त्याला 20 सेकंद लागायला हवे होते, पण तो 19.1 सेकंदांत संपला. ढोलकीने तो वेग निमूटपणे स्वीकारला आणि दुसरा अंतरा त्याच वेगात सुरू झाला. दुसऱ्या अंतऱ्यानंतर तोच तुकडा 18.1 सेकंदांत आटोपला. प्रत्येक तुकड्यागणिक लय एक पायरी चढते आणि पुन्हा खाली येत नाही. तुकडा माझा आहे, पायरीही माझीच आहे.

कारण ऐकताना स्पष्ट कळते. तुकड्याच्या शेवटी एक जलद उतरती तान आहे. ती मला नीट बसलेली नाही, म्हणून मी तिच्या आधीच्या लांब सुराची आस पुरी न धरता घाईने तानेवर उडी घेतो. वाजवताना मला हा सूर पूर्ण दोन मात्रांचा वाटतो. मुद्रणात तो दीड मात्रेच्या आसपास आहे.

काकांना फोन करून सांगितले. "अहो, पंधरा वर्षं सांगतोय," एवढेच म्हणाले. आता रोज घरी ती चार आवर्तने 88 च्या लयीत, मेट्रोनोम लावून, लांब सूर तोंडाने मोजत वाजवतो आहे. सरावात सर्वांच्या कानांत मेट्रोनोमची क्लिक देण्याची सूचना गिटारवाल्याने केली, पण ती मान्य झाली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. लग्गीत, म्हणजे ठेक्याच्या जलद, भरलेल्या प्रकारात, ढोलकी थोडी पुढे झुकते आणि समेवर पुन्हा टेकते. ते झुकणे क्लिकने मरेल. एका माणसाचा दोष काढण्यासाठी सहा जणांना यंत्राला बांधण्याची गरज नाही.

14 जुलै

आजचा विषय बास गिटारचा. आमच्या सरावातील सर्वांत जुने भांडण हेच आहे. गायिका खोलीच्या मध्यावर उभी असते आणि दर गाण्यात म्हणते, "अरे, बास जरा वाढव, मला आधारच लागत नाही." बासवाला कोपऱ्यात आपल्या ॲम्प्लिफायरशेजारी भिंतीला पाठ लावून बसतो आणि म्हणतो, "ताई, अजून वाढवला तर काचा फुटतील." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, हे आज मुद्रणाने सिद्ध केले.

रेकॉर्डर तिकाटण्यावर लावून तोच मुखडा चार ठिकाणी वाजवून घेतला: खोलीच्या बरोबर मध्यभागी, कोपऱ्यात, लांब भिंतीला लागून, आणि दोन्ही भिंतींपासून एकतृतीयांश अंतरावर. मध्यभागी बासचे खालचे सूर जवळजवळ नाहीसे झाले होते. नुसती तारेची टकटक आणि वरचे अंश ऐकू येत होते. कोपऱ्यात तेच सूर इतके घुमत होते की शब्द कळेनात.

याचे कारण खोलीच्या मापात आहे. खोली 10 फूट बाय 12 फूट आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर मावली की तो सूर खोलीत घुमतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर धरला, तर 10 फुटांच्या, म्हणजे 3.05 मीटरच्या, अंतरासाठी ही कंपनसंख्या 56 हर्ट्झ येते आणि 12 फुटांसाठी 47 हर्ट्झ. बास गिटारची मोकळी ए तार 55 हर्ट्झवर असते. आमच्या पहिल्या गाण्याचा षड्ज पांढरी सहा, म्हणजे ए हाच आहे, आणि बासवाला दर समेला तीच मोकळी तार छेडतो. अशा घुमणाऱ्या सुराचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. बासवाला बसतो भिंतीशी, गायिका उभी राहते मध्यावर. आवाज वाढवून हे भांडण कधीच मिटले नसते.

खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवावेत अशी सूचना कीबोर्डवाल्याने केली. पुठ्ठ्याच्या त्या पातळ खळग्यांनी वरच्या सुरांचा थोडा चरचरीतपणा विखुरतो. 55 हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरांहून जास्त असते, तिला ते ट्रे दिसतही नाहीत. ट्रे नकोत. घरात जुन्या कापसाच्या दोन गाद्या आहेत, त्या गायिकेच्या मागच्या उघड्या भिंतीशी उभ्या करून पाहू. त्यांनीही बास आवरणार नाही, पण झांजेचा आणि टाळ्यांचा खणखणाट नक्की कमी होईल.

21 जुलै

ॲम्प्लिफायर कोपऱ्यातून काढला आणि 10 फूट रुंदीच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, खुर्चीवर उंच ठेवला. ज्या ठिकाणी एखाद्या घुमणाऱ्या सुराचा दाब शून्य असतो, तिथे ठेवलेला स्पीकर त्या सुराला फारसा चेतवू शकत नाही, हे यामागचे तत्त्व आहे. बासवाला खोलीच्या आत दोन पावले आला आणि गायिका मध्यावरून थोडी दाराकडे सरकली.

तपासणीसाठी रेकॉर्डर जुन्याच जागी, लांब भिंतीशी ठेवला आणि मोकळी ए व त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा सी हे दोन सूर शक्य तितक्या सारख्या जोराने वाजवून घेतले. मागच्या आठवड्यात ए हा सीपेक्षा 9 डेसिबलने मोठा भरला होता. आज तो फरक 4 वर आला. एक पैसा खर्च झाला नाही. गायिकेने बासबद्दल आज एकही तक्रार केली नाही.

पावसामुळे ढोलकीच्या पुड्या, म्हणजे दोन्ही तोंडांवरची कातडी, ओल धरतात आणि सूर उतरतो. काका दर अर्ध्या तासाने पुडी तपासतात, तोपर्यंत बाकीचे चहा पितात. शेजारच्या पत्र्यावर पडणारा पाऊस मुद्रणात झांजेसारखा ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

28 जुलै

गुरुवारी, 25 तारखेला, शहरात पुराचे पाणी शिरले. कीबोर्डवाला सिंहगड रस्त्यावर राहतो. त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाणी होते. कीबोर्ड वरच्या मजल्यावर सुखरूप आहे, पण तो आज आला नाही आणि कोणी त्याला बोलावलेही नाही.

कीबोर्डशिवाय वाजवल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. घरी मुद्रण ऐकताना गायिकेचा आवाज आज जास्त निवांत, जास्त सुरेल वाटला. आधी मला हे गाद्यांमुळे झाले असे वाटले. नंतर शंका आली.

4 ऑगस्ट

शंका खरी ठरली. फोनवरच्या ट्यूनरवर माझ्या पेटीचा पांढरी सहा हा सूर 443 हर्ट्झ दाखवतो. कीबोर्ड कारखान्यातून येतो तसा 440 वर आहे. हा फरक सुमारे 12 सेंटचा आहे, म्हणजे एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचा जेमतेम आठवा भाग. सरावाच्या गोंगाटात तो कळत नाही. पण पेटी आणि कीबोर्ड एकच लांब सूर धरतात तेव्हा मुद्रणात सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. गायिका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी सूर लावण्याचा प्रयत्न करत होती आणि आम्ही तिला कणसूर लागतो म्हणून सांगत होतो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, मला वाटायचं माझाच कान बिघडलाय."

पेटीचे सूर काढून घासून लावता येतात. पट्टीच्या टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण ते कारागिराचे काम आहे आणि गणपतीच्या तोंडावर पेटी कोणाकडे सोपवण्याची माझी हिंमत नाही. त्यामुळे पर्वत महंमदाकडे आला: कीबोर्डची मूळ पट्टी 443 वर नेली, गिटार आणि बास त्याच्याशी जुळवून घेतले, तानपुऱ्याचे ॲपही तिथेच लावले. काकांनी तबला हातोडीने गठ्ठे ठोकून वर चढवला. अर्धा तास गेला. त्यानंतरचा पहिला लांब षड्ज ऐकून कोणी काही बोलले नाही. गिटारवाल्याने फक्त तो पुन्हा एकदा धरायला सांगितला.

11 ऑगस्ट

एका मित्राकडून चार माइक जोडता येणारे यंत्र आठवडाभरासाठी आणले. गायिकेला एक माइक, ढोलकीला दोन, पेटीला एक, अशी मांडणी केली. मांडणीत, तारा सोडवण्यात आणि शिट्टी घालवण्यात सव्वा तास गेला, आणि अडीच तासांच्या सरावातून तो वजा झाला, हे आधी नोंदवतो.

ढोलकीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पत्र्याच्या डब्यासारखा, पोकळ होता. शाईच्या बाजूचा माइक एकटा ऐकला तर आवाज भरदार, डाव्या बाजूचा एकटा ऐकला तरीही भरदार, आणि दोन्ही एकत्र केले की पोट नाहीसे. कारण असे की एका पुडीवर थाप पडली की ती आत, म्हणजे आपल्या माइकपासून दूर जाते, आतली हवा दाबली जाते आणि दुसरी पुडी बाहेर, म्हणजे आपल्या माइककडे, फुगते. दोन माइकना परस्परविरुद्ध लाटा मिळतात आणि खालचे सूर एकमेकांना खातात. संगणकात एका वाहिनीची दिशा उलटी केली आणि ढोलकी जागच्या जागी परत आली. काकांना दोन्ही ऐकवले. त्यांनी तीनदा ऐकवायला लावले.

माझे मत मात्र असे झाले आहे की या कामासाठी चार माइक नकोत. एवढ्या लहान खोलीत गायिकेच्या माइकमध्ये ढोलकी जवळजवळ गायिकेइतकीच येते, त्यामुळे वेगळेपण नावापुरतेच राहते. शिवाय एकदा आवाज वेगळे मिळाले की माणूस घरी बसून संगणकात ते कमीजास्त करू लागतो, आणि जो तोल आम्ही खोलीत हातांनी साधायचा, तो मी उंदीर हलवून साधू लागतो. कार्यक्रमात संगणक माझ्या शेजारी बसणार नाही. यंत्र मित्राला परत केले.

18 ऑगस्ट

एक लहान प्रयोग. गाद्या असताना आणि नसताना केलेली दोन मुद्रणे सर्वांना, कोणते कोणते आहे ते न सांगता, ऐकवली. पाच जणांनी गाद्यांशिवायचे निवडले. नंतर लक्षात आले की ते 2 डेसिबलने मोठे होते. दोन्ही सारख्या पातळीवर आणून पुन्हा ऐकवले तेव्हा चौघांनी गाद्यांचे निवडले. जे किंचित मोठे ऐकू येते ते चांगले वाटते. आधी पातळी जुळवल्याशिवाय यापुढे कोणतीही तुलना करायची नाही.

बासवाल्याने तक्रार केली की तो कुठल्याच मुद्रणात नाही. तो सगळी मुद्रणे फोनच्या स्पीकरवर ऐकत होता, आणि त्या नखाएवढ्या स्पीकरमधून 55 हर्ट्झ बाहेर पडणे शक्यच नाही. त्याला हेडफोन दिले.

1 सप्टेंबर

पूर्ण कार्यक्रम सलग वाजवला, रेकॉर्डर दोन्ही भिंतींपासून एकतृतीयांश अंतरावर, छातीच्या उंचीवर. ऐकण्याची पद्धत आता ठरून गेली आहे: प्रत्येकाने स्वतःचे वाद्य सोडून दुसऱ्या एकाच वाद्याकडे लक्ष द्यायचे आणि मिनिट-सेकंदासह तीनच गोष्टी लिहून आणायच्या. गिटारवाल्याने माझ्याबद्दल लिहिले: "गायिका गाताना पेटी तिचीच ओळ तिच्याइतक्याच जोरात वाजवते." ते खरे आहे. शब्द बुडण्याचे उरलेले निम्मे कारण ते होते. अंतऱ्यात भाता निम्म्यावर आणला आणि ओळीऐवजी फक्त ठेहरावाचे सूर धरले.

केरव्याच्या गाण्याचा तिसरा अंतरा: आठ आवर्तने, 38.7 सेकंद.

15 सप्टेंबर

काल कार्यक्रम झाला. रेकॉर्डर मंडपाच्या चौथ्या रांगेत, एका कुटुंबाच्या परवानगीने त्यांच्या खुर्चीच्या पाठीला बांधला होता. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा असल्याने खालचे सूर कुठेच घुमले नाहीत आणि बास खोलीतल्यापेक्षा बारीक वाटला. बासवाल्याने पहिल्या गाण्यानंतर आपणहून आवाज वाढवला, आणि या वेळी ते बरोबर होते. गायिकेचा प्रत्येक शब्द मुद्रणात स्पष्ट आहे. चौथ्या गाण्यात समोरचे एक लहान मूल रडते, तेही स्पष्ट आहे. लावणीत माझी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, एका मात्रेने चुकली आहे.

रात्री सामान आवरताना काकांनी विचारले, "केरव्याचं मोजलं का?" मी घरी जाऊन मोजले आणि साडेअकराला त्यांना कळवले: तिसरा अंतरा, आठ आवर्तने, 39.2 सेकंद. सकाळी त्यांचे उत्तर आले: "आणि 40 कधी?"

पुढचा सराव 22 सप्टेंबरला.